पत्र्याच्या हॉलमधली वर्गपेटी : जून ते सप्टेंबर २०२५ च्या नोंदी

मालाड पश्चिमेला, मार्वे रोडलगतच्या एका गावठाणात चर्चचा जुना हॉल आहे. रविवारी आठच्या मिस्सानंतर (सामूहिक उपासनेनंतर) तिथे मराठीतून धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. मंगळवार ते शुक्रवार संध्याकाळी सहा ते आठ त्याच हॉलमध्ये मोफत अभ्यासिका चालते, तिथे गावठाणातलं कुठलंही मूल येऊन बसतं. रविवारी ३४ मुलं, अभ्यासिकेत २० ते २५. हॉलमध्ये इंटरनेट नाही आणि ते घ्यायचंही नव्हतं. एक छोटा संगणक (तीच आमची ‘पेटी’) स्वतःचं वायफाय सोडेल, मुलं लोकांनी दिलेल्या जुन्या फोनवर त्यातली पानं उघडतील आणि तीच पानं भिंतीवर दिसतील, एवढंच काम. दुसऱ्या पॅरिशमध्ये (चर्चच्या स्थानिक विभागात) किंवा शाळेत कोणाला हे करायचं असेल तर आमच्यासारखे त्यांचे रविवार वाया जाऊ नयेत, म्हणून या नोंदी.

शनिवार, ७ जून

हॉलची मापं घेतली. लांबी ११ मीटर, रुंदी ६, वर पत्रा. पश्चिमेच्या तीन खिडक्यांतून दुपारनंतर थेट ऊन येतं, सकाळी त्रास नाही. भिंतीवर दोन मीटर रुंद चित्र पुरेल; मागच्या बाकावरून चौथीच्या मुलाला अक्षर वाचता आलं पाहिजे, ही कसोटी. चादर टांगून पाहिली, पंख्याच्या वाऱ्याने हलते. म्हणून दोन मीटर बाय सव्वा मीटरचा चौकोन आखून त्यावर चकाकी नसलेल्या पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले.

सॉकेट पाच. टेस्टरने पाहिलं तर दोघांना अर्थिंगच नाही. इलेक्ट्रिशियनने अर्थिंगची वायर ओढून दिली, मजुरी घेतली नाही. हे काम आधी झालं ते बरं. नाहीतर स्पीकरची घरघर कुठून येते ते शोधण्यात एक दिवस गेला असता.

रविवार, १५ जून

पेटीसाठी घेतलेला छोटा संगणक, रास्पबेरी पाय ४, चार जीबी रॅमचा, घरात दोन फोनवर नीट चालला होता. वर्गात पहिले सहा फोन जोडले गेले. सातवा अडखळला, आठवा जोडला की पहिला तुटायचा. कारण साधं आहे. रास्पबेरीचं अंगचं वायफाय घरातल्या चार-पाच उपकरणांसाठी ठीक, वर्गासाठी नाही. त्यात अॅडॅप्टर साध्या फोनचा, दोन अँपिअरचा, रु. ३५० चा. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकत राहिली. ती खूण म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय आणि संगणक स्वतःचा वेग उतरवतोय.

अर्धा तास गेला. मुलं शांत बसली होती, पण तो वेळ त्यांचा होता. वहीत पहिला नियम लिहिला: सव्वानऊला क्रुसाची खूण होईल, त्या वेळी एकही मोठं माणूस पेटीकडे पाहत असता कामा नये. या नियमात बसत नाही ते वर्गात आणायचं नाही, घरी दुरुस्त करायचं.

दुरुस्ती: कंपनीचा पाच व्होल्ट तीन अँपिअरचा अॅडॅप्टर, रु. ८००. वायफायसाठी एका घरातून जुना राउटर रु. ६०० ला मिळाला. त्यातली आयपी, म्हणजे प्रत्येक फोनचा नेटवर्कमधला पत्ता, वाटणारी सेवा बंद केली, तो निव्वळ वायफाय सोडणारा अॅक्सेस पॉइंट म्हणून ठेवला आणि रास्पबेरीला लॅन केबलने जोडला. पत्ते रास्पबेरीच वाटते. दोघांनीही पत्ते वाटायला घेतले की काही फोन उघडतात, काही नाही, आणि कारण सापडत नाही. त्यात एक संध्याकाळ गेली.

शनिवार, २१ जून

मिस्सानंतर फोन मागितले होते, १४ आले. दोन फोनच्या बॅटऱ्या फुगलेल्या, मागचं झाकण वर उचललेलं. ते चार्जरला लावायचेच नाहीत. वाळूच्या डब्यात ठेवून ई-कचऱ्यात दिले. तीन फोन वेगळ्याच कारणाने बाद झाले. देणाऱ्यांनी प्रेमाने ‘सगळं पुसून’ आणले होते, पण बटणं दाबून पुसलेले. अशा वेळी फोन सुरू झाला की जुन्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, आणि तो कोणालाच आठवत नाही. फोन देणाऱ्यांना आधीच सांगा: सेटिंग्जमध्ये जाऊन खातं काढा, स्क्रीनलॉक काढा, मग तिथूनच रीसेट करा. ही सूचना आता नोटीस बोर्डावर लावली आहे.

उरले नऊ. नऊ फोन आणि ३४ मुलं म्हणजे चौघांत एक. हे कमी वाटलं होतं, प्रत्यक्षात बरं निघालं. एक वाचतो, तिघं ऐकतात.

एक मोठी अडचण सगळ्याच फोनवर. वायफायला इंटरनेट नाही असं दिसलं की फोन ते सोडून देतो. ‘इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का’ असा प्रश्न एकदाच येतो आणि मूल घाईत ‘नाही’ दाबतं. नऊही फोनमधली सिमं काढली, बाकी सगळी नेटवर्क विसरायला लावली, त्या प्रश्नाला ‘नेहमी’ असं उत्तर दिलं. प्रत्येक फोनच्या पाठीला आकड्याचा स्टिकर. मुलाचं नाव कुठल्याच फोनवर किंवा पेटीत टाकलेलं नाही, फोटोही नाही. लहान मुलांची माहिती जमवायची गरज नसेल तर जमवायची नाही.

शनिवार, २८ जून

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात वापरलेला प्रोजेक्टर घेतला. ३००० ल्युमेन, रु. ११,५००. दुकानात दहा मिनिटं पाहून घेऊ नका, वीस-पंचवीस मिनिटं चालू ठेवायला लावा. पूर्ण पांढरं पान लावा: पिवळा डाग म्हणजे आतली काच भाजलेली. मग पूर्ण काळं: पांढरे ठिपके चमकले तर आतली चिप जायला लागलेली, तो घ्यायचाच नाही. मेन्यूमध्ये दिव्याचे तास दिसतात, ते दुकानदारासमोर पाहा. पंख्याचा आवाज कान लावून ऐका. आम्ही तीन पाहिले, तिसरा घेतला.

चित्र जितकं रुंद, त्याच्या सुमारे दीडपट अंतर लागतं. आमच्या यंत्राला दोन मीटरसाठी ३.२ मीटर. म्हणजे तो मुलांच्या बाकांमध्येच येतो. छताला टांगावा तर पत्र्याखाली उन्हाळ्यात भट्टी, पावसात गळती. शेवटी चाकं लावलेल्या जुन्या टेबलावर ठेवला आणि जमिनीवर रंगाने चार खुणा केल्या. दर रविवारी टेबल खुणांवर आणायचं, चित्र आपोआप चौकोनात बसतं.

रविवार, ६ जुलै

एचडीएमआय केबल दहा मीटरची स्वस्तातली आणली होती, रु. ५५०. चित्र दर मिनिटाला क्षणभर काळं व्हायचं. रास्पबेरी टेबलावरच प्रोजेक्टरशेजारी आणली, पाच मीटरची जाड केबल घेतली, झालं. लांब नेण्यासारखी वायर विजेची आहे, चित्राची नाही.

दुसरी गोष्ट. रास्पबेरीला चित्राची दोन तोंडं आहेत. विजेच्या तोंडाजवळचं वापरायचं. आणि प्रोजेक्टर आधी चालू करायचा, तो पूर्ण उजळला की मग रास्पबेरी. उलट केलं की तिला समोर पडदा सापडत नाही आणि भिंतीवर निळं पान राहतं. आज हेच झालं, सात मिनिटं गेली. टेबलाच्या कडेला स्केचपेनने लिहिलं: १ प्रोजेक्टर, २ राउटर, ३ पेटी.

शनिवार, १२ जुलै

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मजकुराने. यंत्राचं काम त्यामानाने थोडं.

पॅरिशच्या कपाटात जुन्या प्रश्नोत्तरांची ६२ पानं होती, काही छापील, काही सायक्लोस्टाइल. शिवाय आठ-दहा वर्षांपूर्वीच्या संगणकावरच्या फाइली, पण युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फाँटमधल्या. त्या उघडल्या की रोमन अक्षरांची रांगोळी दिसते. त्यांना कन्व्हर्टर मिळतात. बदलून झाल्यावर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास तपासायचे, तेच हलतात.

छापील पानं स्कॅन करून टेसरॅक्टच्या (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मराठी मॉडेलवर चढवली. एका पानाला मिनिटही लागत नाही आणि वरवर पाहता सगळं बरोबर दिसतं. मग वाचायला बसलं की कळतं. ‘ख’ चा तो ‘रव’ करतो. ज्या पुस्तकात दर तिसऱ्या ओळीला ख्रिस्त आहे, तिथे दर तिसऱ्या ओळीला ‘रिव्रस्त’. अनुस्वार गळतात: ‘संत’ चा ‘सत’, ‘शांती’ ची ‘शाती’. ‘ख’ ची चूक शोधून एका झटक्यात बदलता येते. गळालेल्या टिंबाचं तसं नाही. ‘अंत’ चा ‘अत’ झाला तर दिसतो, पण ‘मंद’ चा ‘मद’ झाला तर तोही शब्दच आहे, शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर त्यावरून निघून जातं. म्हणून प्रत्येक पान एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून ऐकायचं. पानाला २५ मिनिटं. ६२ पानांचे जवळजवळ २६ तास झाले. तिघी टीचर आणि चर्चची वेदी सांभाळणारे सॅक्रिस्टन काका असे चौघं दोन-दोन जणांनी आळीपाळीने बसलो. काकांनी एकट्याने जितक्या चुका काढल्या तितक्या बाकी तिघींनी मिळून काढल्या नाहीत, कारण त्यांना उत्तरं पाठ आहेत.

फोनवरही एक अडचण. जुन्या तीन फोनवर ‘ॲ’ च्या जागी रिकामा चौकोन. त्या फोनच्या फाँटमध्ये ते अक्षरच नाही. मोफत मिळणारा मुक्ता फाँट पेटीतच ठेवला आणि पानांना तोच वापरायला सांगितला, सगळीकडे सारखं दिसू लागलं. शोधाचं वेगळं. कोणी ‘येशू’ लिहितं, कोणी ‘येसू’. ‘दुसऱ्या’ मधला ऱ्या दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना एकच, संगणकाला दोन. सगळ्या फाइलींमध्ये एकच तऱ्हा करून घेतली.

आता चॅटबॉटचं. पहिल्या कम्युनियनच्या (मुलं पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेतात त्या विधीच्या) वर्गासाठी ४० प्रश्न त्याच्याकडून उत्तरांसकट काढून घेतले. मराठी गुळगुळीत, मांडणी सुरेख. तपासल्यावर नऊ बाद. ते नऊ कसे चुकले ते सांगण्यासारखं आहे.

‘आपल्या आईबापांचा मान राख’ ही पाचवी आज्ञा म्हणून दिली होती. कॅथलिक परंपरेत ती चौथी. इतर बऱ्याच मंडळ्या मूर्तींविषयीची आज्ञा वेगळी मोजतात, आपण ती पहिलीतच धरतो आणि लोभाच्या शेवटी दोन आज्ञा करतो. म्हणून मधले सगळे क्रमांक एकाने सरकतात. बायबलची पुस्तकं ६६ लिहिली होती, आपल्याकडे ७३. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ या येशूने शिकवलेल्या प्रार्थनेच्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरवाची ओळ जोडून दिली होती. ती ओळ मिस्सामध्ये येते खरी, पण धर्मगुरूंच्या मधल्या प्रार्थनेनंतर, वेगळी. आणि लूकच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) पंधराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन म्हणून एक वाक्य होतं. त्या अध्यायात ३२ च वचनं आहेत.

यातलं काही खोडसाळ नाही. जगात जे जास्त लिहिलेलं आहे ते त्याने दिलं. पण आठ वर्षांचं मूल ते पाठ करून आजीसमोर म्हणणार आणि आजी म्हणणार, असं नसतं रे बाळा. त्या मुलाने कोणाचं खरं मानायचं? पोप लिओ चौदावे यांनी १० मे ला कार्डिनलांना आपल्या नावामागचं कारण सांगितलं, तेव्हा याच यंत्रबुद्धीचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा, उल्लेख केला होता. लिओ तेराव्यांनी १८९१ मध्ये कारखान्यांच्या काळात कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं, तसाच प्रश्न आज माणसाच्या मानाचा, न्यायाचा आणि श्रमाचा पुन्हा उभा आहे, असा त्यांचा रोख होता. आमच्या हॉलमध्ये त्याचा अर्थ एवढाच लावला: चॅटबॉटचा प्रश्न चालेल, उत्तर माणसाने पुस्तकातून लिहायचं, आणि खाली तपासणाऱ्याची आद्याक्षरं. आद्याक्षरं नसलेलं पान पेटीत चढत नाही.

रविवार, १३ जुलै

मिस्सातला उतारा दयाळू शमरोन्याचा, म्हणजे जखमी परक्याला मदत करणाऱ्या प्रवाशाच्या गोष्टीचा. मुलांनी गटात उतारा वाचून फोनवरच रेकॉर्ड करायचा होता. पानावरचं माइकचं बटण दाबलं की काहीच नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणीशिवाय माइक देत नाही आणि आमची पेटी साध्या एचटीटीपीवर, म्हणजे असुरक्षित जोडणीवर, चालते. प्रमाणपत्रांच्या नादी लागलो नाही. फोनमधलं साधं रेकॉर्डर अॅप वापरलं, पाच मिनिटांत सुरू. त्यातच पाऊस कोसळला आणि पत्र्याखाली काहीच ऐकू येईना. जोराच्या पावसात ऑडिओचा तास ठेवायचा नाही. तेव्हा वाचन, तेही फळ्याजवळ गोल बसून.

शनिवार, १९ जुलै

शुक्रवारी अभ्यासिकेत वीज गेली आणि परत आल्यावर पेटी उठलीच नाही. पेटीच्या मेमरी कार्डवर काही लिहिलं जात असताना वीज तुटली की फाइलींची नोंदच बिघडते. नवीन कार्डवर सगळं पुन्हा चढवायला साडेपाच तास.

उपाय: रास्पबेरीच्या सेटिंगमधलं ओव्हरले चालू केलं. मग कार्ड फक्त वाचलं जातं, चालू असताना होणारे बदल रॅममध्ये राहतात आणि बंद केलं की जातात. वीज कधीही तोडा, कार्डला धक्का नाही. तयार कार्डची हुबेहूब नक्कलही काढून ठेवली. याची किंमत अशी की हजेरी पेटीत टिकत नाही. हजेरी पुन्हा कागदी रजिस्टरवर आणली, तिथे ती कधीच पुसली गेली नव्हती.

रविवार, २७ जुलै

आजचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सातलं वाचन, लूक ११ : ‘प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव.’ भिंतीवर मात्र मार्था आणि मारिया, म्हणजे गेल्या रविवारचा उतारा. कारण नंतर कळलं. रास्पबेरीत घड्याळाचा सेल नसतो. बंद होताना ती शेवटची वेळ कार्डवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तिथून सुरू करते. १९ ला आपण कार्डवर लिहिणंच बंद केलं. तेव्हापासून पेटीसाठी रोज १९ जुलै. एका दुरुस्तीतून दुसरा बिघाड निघाला. हाताने पान बदललं.

लूकमधली प्रार्थना मत्तयच्या शुभवर्तमानातल्यापेक्षा आखूड आहे. मुलांना वाटलं पेटीने ओळी गाळल्या. महिनाभर तिने जे काही गाळलं ते पाहता त्यांचा समज साहजिक होता. मत्तय ६ उघडून दोन्ही शेजारी ठेवले, मग पटलं.

त्यानंतर नेहमीप्रमाणे प्रार्थना भिंतीवर लावून सगळे उभे राहिले. ‘आमची रोजची भाकर’ या ओळीपर्यंत आले आणि वीज गेली. भिंत काळी झाली आणि ३४ मुलांचा आवाज त्याच शब्दावर थांबला. पुढच्या रांगेत तिसरीतला एक मुलगा, हात जोडलेले, तोंड अर्धवट उघडं, नजर भिंतीवर, अक्षरं परत यायची वाट पाहत. जी प्रार्थना तो घरी रोज रात्री म्हणतो तीच. नातवाला न्यायला आलेल्या एक आजी दाराशी छत्री मिटत होत्या. त्यांनी तिथूनच पुढची ओळ उचलली. अपराधांच्या क्षमेपाशी चार-पाच आवाज मिळाले, ‘आमेन’ ला सगळे.

सहा आठवडे आम्ही अक्षर किती मोठं, रंग कोणता, याचा विचार करत होतो. भिंतीवर अक्षरं दिसली की डोळे मिटत नाहीत, आणि पाठ असलेलंही मूल वाचायला लागतं, हे लक्षात आलं नाही. ही चूक या सगळ्या कामातली सर्वांत मोठी, आणि ती दुरुस्त करायला एक पैसाही लागला नाही.

आजपासून असं: कुठलीही प्रार्थना भिंतीवर येणार नाही. पेटीतलं पहिलं पान पूर्ण काळं आहे, ‘०’ दाबलं की तेच येतं. प्रार्थनेच्या आधी ते लावायचं. नवीन प्रार्थना शिकवताना छापील कार्ड हातात, पहिले दोन रविवार पाहून, तिसऱ्याला कार्ड उलटं. अडलं तर टीचरने पुढचा एकच शब्द द्यायचा, पूर्ण ओळ नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

घड्याळाचं छोटं मॉड्यूल बसवलं, रु. १८०, सेल त्यातच. पहिलं मॉड्यूल पिनांच्या बाहेरच्या रांगेत बसवलं गेलं. तिथे पाच व्होल्ट असतात, आतल्या रांगेत ३.३. ते जळालं. दुसरं आतल्या रांगेत, पहिल्या पिनेपासून. हे सगळं ओव्हरले बंद करून करायचं, नाहीतर सेटिंग टिकत नाही. मग ओव्हरले पुन्हा चालू, आणि नकलेच्या कार्डवरही तोच बदल. हे शेवटचं विसरू नका.

६०० व्हीएचा यूपीएसही आणला, रु. ३,१००. वीज गेली तरी वर्ग चालावा एवढी त्याची ताकद नाही, आणि तो त्यासाठी नाहीच. प्रोजेक्टरचा दिवा तापलेला असताना पंखा अचानक थांबला तर दिव्याचं आयुष्य घटतं. यूपीएसने मिळणाऱ्या चार-पाच मिनिटांत तो नीट बंद करून थंड होऊ द्यायचा.

मंगळवार, ५ ऑगस्ट

अभ्यासिकेसाठी पेटीचं वेगळं मुखपान केलं. त्यात पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ, ऑफलाइन मराठी विकिपीडिया आणि गणिताचे सराव. धर्माचं एकही पान नाही. अभ्यासिकेतली निम्म्याहून अधिक मुलं हिंदू आणि मुसलमान घरांतली आहेत. त्यांच्या आयांनी ती विश्वासाने पाठवली आहेत, तो विश्वास न सांगता पाळायचा. राउटरवर दोन नावं सोडली आहेत, रविवारचं नाव इतर दिवशी बंद.

अख्खं पाठ्यपुस्तक जुन्या फोनवर उघडताना फोन गुदमरतो. धड्याप्रमाणे तुकडे केले, मग चाललं.

बुधवार, २० ऑगस्ट

यंदा पाऊस २६ मे लाच मुंबईत पोचला होता, पण खरा फटका या आठवड्यात. १८ ला दुपारच्या शाळा सुटल्या, १९ ला सुट्टी जाहीर झाली. अभ्यासिकाही बंद. आज हॉल उघडला तर जमीन घामेजलेली आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर आतून धुकं. चालू केला नाही. कोरड्या खोलीत, पंख्याखाली, २४ तास. धुकं गेलं, डाग राहिला नाही.

आता तो हवाबंद प्लास्टिकच्या पेटीत, सोबत अर्धा किलो सिलिका जेल कापडी पुरचुंड्यांत. निळं जेल ओल धरली की गुलाबी होतं. ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा निळं. निळ्या रंगात कोबाल्ट असतं, त्यामुळे स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नाही आणि मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. पुढच्या वेळी नारिंगी आणणार. वापरल्यानंतर गरम प्रोजेक्टर लगेच पेटीत ठेवायचा नाही, अर्धा तास थांबायचं.

रविवार, ३१ ऑगस्ट

गणपतीमुळे मुलं कमी, १९. सव्वानऊला सुरू, सव्वादहाला संपलं. पेटीबद्दल लिहिण्यासारखं काही झालं नाही. असा हा सलग तिसरा रविवार.

रविवार, ७ सप्टेंबर

आज रोममध्ये कार्लो अकुतिस आणि पिएर जॉर्जो फ्रसाती या दोन तरुणांना संतपद. कार्लोचा जन्म १९९१ चा, मृत्यू २००६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने, वय १५. संगणकाची भाषा तो स्वतः शिकला आणि ख्रिस्तप्रसादाच्या चमत्कारांची वेबसाइट त्याने केली. मुलांना त्याचं नाव दोन महिन्यांपासून माहीत होतं.

सोहळा रोमच्या सकाळी दहाला, म्हणजे आपल्या दुपारी दीडला. यासाठी पेटीचा उपयोग नाही, इंटरनेट लागतं. लॅपटॉप, त्याला एका फोनचा हॉटस्पॉट, चित्राचा दर्जा मध्यम, ७२० वर ठेवला. फोन खिडकीच्या चौकटीत, पत्र्याखाली सिग्नल अर्धा होतो. आधी लॅपटॉपमधले आपोआप होणारे अपडेट बंद केले, नाहीतर तेच डेटा खातात. दोन तासांत अडीच जीबी गेले. पश्चिमेच्या खिडक्यांना जाड चादरी लावाव्या लागल्या, दुपारचं ऊन आम्ही जूनमध्येच लिहून ठेवलं होतं. ४० च्या वर माणसं, निम्मी मोठी. पोपमहाराज संतांची नावं घेत असताना कोणीतरी सगळ्यांना उभं राहायला सांगेल म्हणून थांबलो होतो, पण मुलं आधीच उभी होती.

सकाळचं शुभवर्तमान लूक १४ : बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा. आमचा हिशेब आधी नव्हता, आज पूर्ण केला. रास्पबेरी ५,४००. अॅडॅप्टर दोन मिळून १,१५०. कार्डं दोन, १,३००. राउटर ६००. प्रोजेक्टर ११,५००. चित्राच्या केबली आणि जोडणी १,५००. फोनसाठी दहा तोंडांचा चार्जर आणि नऊ वायरी २,५२०. घड्याळाची मॉड्यूलं ३६०. यूपीएस ३,१००. हवाबंद पेटी आणि सिलिका जेल १,०००. भिंतीचा रंग ४२०. एकूण रु. २८,८५०. त्यातले चुकीने गेलेले १,०८०: स्वस्त अॅडॅप्टर, लांब केबल, जळालेलं मॉड्यूल. वर्गाचे वाया गेलेले तास पावणेतीन, आमचे घरी गेलेले मोजले तर साठच्या वर, आणि त्यात निम्म्याला थोडे कमी एकट्या मजकुराचे.

उद्या मारियामातेचा जन्मोत्सव, बरीच कुटुंबं वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला जाणार. १४ पासून तिथली जत्रा, त्या रविवारी हजेरी निम्मीच असेल असं धरून धडा आखला आहे. नक्कल केलेलं कार्ड जाड लिफाफ्यात घालून रजिस्टरच्या मागच्या कव्हरला चिकटवलं आहे. लिफाफ्यावर तारीख २ ऑगस्ट. कार्डात बदल केला की ती तारीख खोडून नवी घालायची.